उन्हाळ्यातील आंबवण : हलकी बियर, आंबील आणि कांजी

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचा परिचय या स्मरणिकेच्या वाचकांस करून देण्याची आवश्यकता नाही. एप्रिलच्या मध्यापासून लू वाहू लागते, मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो आणि बालरोग विभागातील खाटा जुलाब, उलट्या व शुष्कता यांच्या रुग्णांनी भरू लागतात. या दिवसांत काय प्यावे, यावर वृत्तपत्रांतून दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. पन्हे, कोकम आणि वाळ्याचे सरबत यांची स्तुती सर्वांनी वाचलेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून थोडा वेगळा, म्हणजे घरी आंबवलेल्या पेयांचा आहे.

हा विषय निवडण्यास मला वारंवार विचारले जाणारे दोन प्रश्न कारण झाले. नोकरीनिमित्त पुण्यास किंवा बंगळुरूस गेलेले, एकेकाळी माझे बालरुग्ण असलेले तरुण सुटीत भेटावयास येतात. त्यांतील एखादा विचारतो, "काका, हलकी बियर, ज्याला एल म्हणतात ती, घरी करता येते म्हणे. उन्हाळ्यात ती चांगली का?" दुसरा प्रश्न तरुण मातांचा असतो. "डॉक्टरसाहेब, आजेसासूबाई बाळाला आंबील द्या म्हणतात, शेजारच्या भाभी कांजी आणून देतात. देऊ का?" वरकरणी या दोन प्रश्नांचा परस्परांशी संबंध नाही. वस्तुतः दोहोंचे शास्त्र एकच आहे, आणि ते समजून घेतले की दोन्ही उत्तरे आपोआप मिळतात.

बियर कशी होते

बियरचे मुख्य धान्य जव, म्हणजेच सातू. हे धान्य भिजवून त्याला मोड आणतात आणि मोड वाळवतात. या वाळवलेल्या मोडाला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात अमायलेझ हे विकर तयार होते. माल्ट भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की हे विकर पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर करते. तो गोड काढा गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल व कर्बवायू निर्माण करते. एलचे यीस्ट साधारणतः १८ ते २२ अंशांत उत्तम काम करते. आठवडा-दोन आठवड्यांत सुमारे ४ टक्के अल्कोहोल असलेले, फसफसणारे हलके पेय तयार होते.

युरोपात ही उन्हाळ्याची प्रथाच होती. बेल्जियमच्या वालोनिया भागातील शेतकरी हिवाळ्यात अशी बियर करून ठेवीत आणि उन्हाळ्यात शेतमजुरांना देत. जुन्या इंग्लंडात अत्यल्प अल्कोहोलची पातळ बियर मुलेही पीत. तिचा काढा उकळलेला असे आणि पेय आम्ल असे, म्हणून अनेकदा ती विहिरीच्या पाण्यापेक्षा निर्धोक ठरे.

आपल्या व्यवसायावर या धंद्याचे ऋण मोठे आहे. लुई पाश्चर यांचा बियरवरील ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला, आणि सूक्ष्मजंतूंच्या सिद्धांताला त्यातून बळ मिळाले. आम्लता मोजण्याचे पी.एच. हे माप सोरेन्सन यांनी १९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या बियर कंपनीच्या प्रयोगशाळेत मांडले. आपण शोधनिबंधांत ज्या 'स्टुडंट्स टी' चाचणीचा आधार घेतो, तिचे जनक गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस बियर कारखान्यात नोकरीस होते. त्यांनी ती १९०८ साली टोपणनावाने प्रसिद्ध केली.

तरीही तरुण मित्राला माझे उत्तर नकाराचे आहे, आणि त्यास तीन कारणे आहेत. पहिले कायद्याचे. मध्यप्रदेशात १९१५ च्या आबकारी अधिनियमान्वये परवान्याविना बियर करणे हा गुन्हा आहे. दुसरे शरीराचे. अल्कोहोल व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकास दाबते, त्यामुळे मूत्राचे प्रमाण वाढते. उन्हात घामाने पाणी गमावलेल्या माणसाला हा सौदा परवडणारा नाही. तिसरे कारण हवामानाचे आहे, आणि येथूनच आपल्या घरगुती पेयांकडे वळता येते.

हवामान आणि सूक्ष्मजीव

आपल्या घरांत मे महिन्यात कूलर लावूनही तापमान ३० अंशांच्या खाली क्वचितच येते. इतक्या उष्णतेत एलचे यीस्ट अतिवेगाने काम करते, जड अल्कोहोले तयार करते आणि पेयाची चव बिघडते. याउलट दही लावणाऱ्या जिवाणूंना, म्हणजे लॅक्टिक जिवाणूंना, ३० ते ४० अंशांचे तापमान फार मानवते. ते साखरेपासून मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करतात. पेय आंबट होते, मादक होत नाही.

याहून रोचक बाब म्हणजे आंबवणात घातले जाणारे मसाले. बियरमध्ये हॉप्स घालतात ते केवळ कडवटपणासाठी नव्हे. हॉप्समधील द्रव्ये लॅक्टिक जिवाणूंना रोखतात आणि यीस्टला मैदान मोकळे करून देतात. आपल्या कांजीत मोहरी घालतात. मोहरी वाटून ओली झाली की तिच्यातून जे झणझणीत तेल सुटते, ते बुरशी व यीस्ट यांना दाबते. लॅक्टिक जिवाणू मात्र ते बऱ्यापैकी सोसतात. म्हणजे तेथील बियर करणाऱ्याने आणि येथील गृहिणीने, सूक्ष्मजीव हा शब्दही ठाऊक नसताना, नेमक्या उलट जिवांची निवड केली. त्याला हवे होते यीस्ट, तिला हवा होता दह्याचा जिवाणू.

ही परंपरा जुनी आहे. आयुर्वेदात कांजिकाचे वर्णन आहे, तसेच यवापासून केलेल्या सौवीर आणि तुषोदक या आंबट पेयांचेही आहे. धान्य तेच जव. आंबवण मात्र वेगळ्या दिशेने जाते.

आपण ग्वाल्हेरचे मराठी या बाबतीत दुहेरी वारसदार आहोत. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी लष्कर येथे तळ कायम केला. त्या वसाहतीत दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांबरोबर आंबील आली. कांजी आम्हांला येथल्या शेजाऱ्यांनी दिली. होळीस मुगाचे वडे घातलेली कांजी आज आमच्या कित्येक घरांत पुरणपोळीच्या शेजारी बसते.

आंबील

बियरची पहिली पायरी, म्हणजे धान्याला मोड आणणे, आपल्या घरांत फार पूर्वीपासून आहे. नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात दीड दिवस बांधून मोड आणावेत, सावलीत वाळवावी, अगदी मंद आचेवर जेमतेम शेकावी आणि दळून वस्त्रगाळ करावी. हे मोडाचे पीठ म्हणजे नाचणीचे माल्टच होय. खरपूस भाजू नये, कारण त्याने विकर नष्ट होते.

या विकराचे महत्त्व बालरोगतज्ज्ञांना विशेष आहे. बाळाची पेज दाट केली तर ते गिळत नाही, आणि पातळ केली तर पोट भरते पण उष्मांक पोहोचत नाहीत. दाट व गरम, पण उकळी ओसरलेल्या पेजेत चमचाभर मोडाचे पीठ ढवळले की ती काही मिनिटांत पातळ होते आणि उष्मांक मात्र तेवढेच राहतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात या विषयावर महत्त्वाचे संशोधन केले.

आंबिलीची कृती अशी. चार मोठे चमचे नाचणीचे पीठ एक वाटी ताज्या ताकात गुठळी न राहता कालवावे आणि झाकून ठेवावे. उन्हाळ्यात आठ तास पुरतात. हिवाळ्यात दुप्पट वेळ लागतो. सकाळी लिटरभर पाणी उकळत ठेवावे, त्यात हे आंबवण धार धरून सोडावे आणि ढवळत आठ-दहा मिनिटे शिजवावे. पूर्ण निवल्यावर त्यात दोन वाट्या ताक, थोडे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ठेचलेला लसूण घालावा. शिजवण्याने आंबवणातील जिवाणू मरतात, नंतरच्या ताकातून जिवंत जिवाणू पुन्हा मिळतात. आम्ल, पचण्यास सुलभ झालेले पीठ आणि १०० ग्रॅम नाचणीत असणारे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, हे सारे एका पेल्यात येते. शिवाय मोड आणणे व आंबवणे यांमुळे धान्यातील फायटेट कमी होते आणि लोह अधिक शोषले जाते. केलेली आंबील त्याच दिवशी संपवावी.

कांजी

काळी गाजरे मिळतात तोवर त्यांची कांजी करावी. ती संपली की साधे गाजर व एक लहान बीट घ्यावे. पाव किलो भाजीच्या फोडी, उकळून निववलेले दोन लिटर पाणी, जाडसर वाटलेली दोन मोठे चमचे मोहरी, चमचाभर तिखट आणि ४० ग्रॅम मीठ काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत घालावे. तोंडावर स्वच्छ फडके बांधावे. फेब्रुवारीच्या उन्हात चार-पाच दिवस लागतात. मे महिन्यात बरणी उन्हात न ठेवता घरातच ठेवावी, दीड-दोन दिवसांत ती आंबते. रोज कोरड्या लाकडी पळीने ढवळावे. चव स्वच्छ आंबट लागली की गाळून शीतकपाटात ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.

मिठाचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. दोन लिटरला ४० ग्रॅम म्हणजे २ टक्के मीठ. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात ४ ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराच्या मिठाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. मीठ फार कमी केले तर नको असलेले जंतू वाढतात. म्हणून मीठ बरणीत कमी न करता, पिताना कांजीत तेवढेच थंड पाणी मिसळावे आणि लहान पेलाच घ्यावा. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयविकाराचे रुग्ण असलेल्या घरांत ही बाब सांगण्याचे दायित्व आपणा वैद्यकीय व्यावसायिकांचे आहे.

तीन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट भांड्याची. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत वा तांब्यात कधीही ठेवू नये, कारण आम्लात तांबे विरघळते. तांब्याचा मुलांच्या यकृतावर होणारा परिणाम आपल्या पिढीने पाहिला आहे. लहान मुलांचा तो घातक यकृतविकार, इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस, एकेकाळी महाराष्ट्रात घरोघरी दुःख पेरीत असे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात त्याचा संबंध पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधाशी जोडून दाखविला. पितळ जाऊन स्टील आले आणि तो विकार जवळजवळ नाहीसा झाला. आज जुन्या वस्तूंच्या आवडीने पितळी भांडी पुन्हा स्वयंपाकघरात येत आहेत, म्हणून ही आठवण.

दुसरी गोष्ट पाण्याची. चांगल्या आंबलेल्या कांजीचा पी.एच. ४ च्या खाली जातो. तेथे कॉलऱ्याचा जंतू तग धरत नाही, आणि इतर बहुतेक रोगजंतूंची वाढ खुंटते. परंतु वाढ खुंटणे आणि मरणे यांत अंतर आहे. आम्ल सोसणारे काही जंतू बराच काळ जिवंत राहतात. दूषित पाण्याची कांजी आंबट झाली म्हणून शुद्ध होत नाही. पाणी उकळूनच घ्यावे, वडे घालताना हात धुवावेत आणि बाजारातील कांजीत बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे विचारावे.

तिसरी गोष्ट लक्षणांची. लोकरीसारखी बुरशी, कुजका वास किंवा तार सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर संपूर्ण बरणी ओतून द्यावी. वरचा थर काढून उरलेले वापरू नये. आंबत असलेले पेय घट्ट झाकणाच्या बाटलीत भरू नये. वायूच्या दाबाने काच फुटते.

मुलांना काय द्यावे

सहा महिन्यांपर्यंत बाळास आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर मोडाच्या पिठाची ताजी शिजवलेली पेज द्यावी. वर्षापर्यंत वरून मीठ घालू नये, म्हणून खारट आंबील त्या वयासाठी नाही. वर्षानंतर सौम्य आंबील अर्धी वाटी, हळूहळू वाटीभर, निःशंकपणे द्यावी. टांझानियात १९९० च्या दशकात झालेल्या एका अभ्यासात, आंबवलेली धान्याची पेज खाणाऱ्या लहान मुलांत अतिसाराचे प्रमाण कमी आढळले होते. ती पेज आपल्या आंबिलीची आफ्रिकेतील बहीणच म्हणावी लागेल.

कांजी मात्र पाच वर्षांपर्यंत देऊ नये, असे माझे मत आहे. मीठ आणि मोहरीचा तिखटपणा ही दोन कारणे त्यास पुरेशी आहेत. मोठ्या मुलांस पाणी घालून लहान पेला द्यावा, तोही ताज्या कांजीचा. फार दिवस राहिलेल्या कांजीत यीस्ट शिरकाव करते आणि थोडे अल्कोहोल तयार होऊ शकते.

अल्कोहोलविषयी आपण मोठी माणसे किती बेसावध असू शकतो, याचे उदाहरण ग्राइप वॉटरचे आहे. १८५१ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड यांनी ते तयार केले. त्यात पुढे दीर्घकाळ सुमारे ३.६ टक्के अल्कोहोल असे, म्हणजे जवळजवळ हलक्या एलइतकेच. कैक पिढ्यांतील तान्ही बाळे त्या चमच्यानंतर शांत झोपली, यात नवल ते काय! विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथे अल्कोहोल काढून टाकण्यात आले.

पेय आणि औषध

आता सर्वांत महत्त्वाचे. जुलाब लागलेल्या मुलास आंबील, कांजी, ताक यांपैकी काहीही औषध म्हणून पुरेसे नाही. त्यास ओ.आर.एस. लागते. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व क्षार यांचे पाणी तोंडाने देऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. २००२ पासून प्रचारात असलेल्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये सोडियम व ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल असतात. आतड्यात ग्लुकोज व सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी येते. प्रमाण बिघडले की हा व्यवहार उलटतो. जादा साखर पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. २ टक्के मिठाची कांजी शुष्क झालेल्या बालकास अपायकारकच ठरेल.

म्हणूनच शीतपेये आणि ओ.आर.एस.चे नाव धारण करणारी फळांची गोड पेये यांबाबत आपण कठोर राहिले पाहिजे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अशा पेयांविरुद्ध अनेक वर्षे चिकाटीने लढा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ओ.आर.एस. हा शब्द वापरण्यास मनाई केली. आदेश निघाला म्हणून सवय एका दिवसात सुटत नाही. औषधांच्या दुकानात "ओ.आर.एस. द्या" म्हटल्यावर हातात काय पडले, हे प्रत्येक पालकाने वाचून पाहावे. वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असावा, आणि एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे. मूल मलूल असेल, डोळे खोल गेले असतील, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा पाणी पोटात ठरत नसेल, तर घरी वाट पाहू नये. उन्हाने शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात कोणतेही पेय ओतू नये. अंग ओले करून वारा घालीत त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

निरोगी दिवसांसाठी मात्र आंबिलीची वाटी आणि कांजीचा लहान पेला यांना घरात मानाचे स्थान असावे. त्यांची कृती वयस्कर मंडळींकडून शिकून, मापे व तास लिहून ठेवण्याचे काम या उन्हाळ्यात प्रत्येक घरातील एका तरुण व्यक्तीने करावे. घरी बियर करण्याची हौस असलेल्या माझ्या तरुण मित्रांना तर मी हेच सुचवितो. मोड, तापमान, वेळ आणि जिवाणू यांचे सारे कौतुक त्यांना एका बरणीत अनुभवता येईल, आणि तो पेला घरातल्या आजीपासून शाळकरी नातवंडांपर्यंत सर्वांना आपापल्या मापाने एकत्र बसून पिता येईल.